मुळशीचे सेनापती

पुण्यातील सेनापती बापट रस्त्यावरून दररोज हजारो वाहने धावतात. मुंबईतही दादर-परळ परिसरात याच नावाचा मार्ग आहे. मात्र ज्यांचे नाव या रस्त्यांना देण्यात आले, त्या पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद कोणत्या रणभूमीवर लाभले, याची माहिती अनेकांना नसते. ती रणभूमी पुण्याच्या उंबरठ्यावर, मुळशीच्या खोऱ्यात होती आणि लढा होता एका धरणाविरुद्ध.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिनबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केल्यामुळे त्यांना शिष्यवृत्ती गमवावी लागली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांशी त्यांचा संबंध आला. पॅरिसमध्ये त्यांनी बॉम्ब बनवण्याचे तंत्र शिकून घेतले आणि १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. त्यानंतर अज्ञातवास, अटक आणि १९१५ मध्ये सुटका असा त्यांचा प्रवास झाला. पारनेरला परतल्यावर या उच्चशिक्षित क्रांतिकारकाने हाती झाडू घेतला. गावातील रस्ते आणि शौचकूप स्वतः झाडण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला.

याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांना विजेची निकड भासू लागली होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते बोगद्यातून कोकणात सोडायचे आणि उतरत्या पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले. धरणामुळे सुमारे ५० गावे आणि मावळ्यांची सुपीक भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. खासगी कंपनीसाठी असलेल्या या जमिनी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. त्या कायद्यात भरपाईची तरतूद होती, परंतु ज्याची जमीन जायची त्याची संमती घेण्याची गरज नव्हती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. स्त्री-पुरुष मावळे कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. शिवरामपंत परांजपे, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखी पुण्यातील मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. काही महिन्यांच्या विरामानंतर कंपनीने पुन्हा काम हाती घेतले, तेव्हा अटकसत्र सुरू झाले. बापट वारंवार तुरुंगात गेले आणि सुटताच पुन्हा मुळशीत आले. या लढ्यातील नेतृत्वामुळेच ते ‘सेनापती’ झाले.

अभियांत्रिकीचा हा विद्यार्थी विजेचा शत्रू नव्हता. वीज मुंबईला, नफा कंपनीला आणि विस्थापन मावळ्याच्या वाट्याला, असा हा व्यवहार होता. मावळ्याला न विचारता तो ठरवला गेला, ही बापटांच्या आक्षेपाची मूळ बाजू होती.

लढा आतूनही दुभंगलेला होता. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावावर होती आणि कसणारे मावळे कुळे म्हणून राबत होते. मालकाला भरपाईत रस होता, तर कुळाला जमिनीत. भरपाईचे दर वाढले, तसे अनेक सावकार आंदोलनापासून दूर झाले. कुळांच्या हाती मात्र फारसे काही उरले नाही. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावरील आपल्या अभ्यासात ही फूट सविस्तर मांडली असून, जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणून त्याची नोंद केली आहे.

शांततेचे मार्ग खुंटल्यावर बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडली. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाचे साहित्य वाहून नेणारी गाडी रुळांवर दगड रचून अडवली. या प्रकरणी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली. तोपर्यंत लढा संपला होता. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. बापट १९३१ मध्ये सुटले, तेव्हा मुळशीची गावे जलाशयाच्या तळाशी गेली होती.

सुटकेनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा कारावास झाला. पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये त्यांनी काम केले. स्वातंत्र्यानंतर गोवामुक्तीच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनांतही हा वृद्ध सेनानी पुढे होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या कायद्याने मुळशीची गावे घेतली, तो त्यांच्या मृत्यूनंतरही चार दशकांहून अधिक काळ लागू राहिला. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधितांची पूर्वसंमती आवश्यक केली. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि पुनर्वसन यांनाही त्यात स्थान मिळाले. जमिनीवर उपजीविका असलेली कुळे आणि शेतमजूर यांचीही बाधितांमध्ये गणना झाली. मुळशीत नाकारले गेलेले हक्क कायद्याच्या पुस्तकात यायला नव्वदहून अधिक वर्षे लागली.

मुळशी धरणाच्या खाली मुळा नदी वाहत येते ती महाळुंगेपर्यंत. याच तालुक्यातील हे गाव आता ओळखू येऊ नये इतके बदलले आहे. बालेवाडी-महाळुंगेचे क्रीडासंकुल आले, शेजारी हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहिले, नगररचना योजना आखली गेली आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. जमिनीला भाव आला, हे खरे. पण धरणाचे बरेचसे पाणी आजही कोकणाकडे वळते. मुळेच्या वाट्याला पावसाळ्यात विसर्गाचे पाणी आणि वाढत्या शहराचे सांडपाणी येते. शेत विकलेल्या कुटुंबाच्या पुढच्या पिढीचे काय, नदीचे काय आणि निर्णय घेताना कोणाला विचारले गेले, हे प्रश्न येथेही आहेत. आजचा महाळुंगेचा शेतकरी १९२१ च्या मावळ्याइतका असहाय नाही, कारण त्याच्या हाती कायदा आहे आणि ग्राहकही त्याच्या दारी येतो. तरी बापटांनी शंभर वर्षांपूर्वी ज्यासाठी तुरुंग पत्करला, तो विकासाची किंमत कोण मोजणार हा सवाल प्रत्येक नव्या आराखड्यासोबत पुन्हा समोर येतो.