इतिहासाचार्य राजवाडे

घराण्यातील एखादी कथा आजोबांनी सांगितली म्हणून खरी मानावयाची, अशी आपणां सर्वांची रीत आहे. तीच छापील ग्रंथात, त्यातही साहेबाच्या ग्रंथात आली, तर मग बोलावयासच नको! विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना हे दोन्ही आधार पुरे वाटले नाहीत. म्हणून या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र आम्ही निवडिले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. शिक्षण पुण्यास झाले. पत्नी तरुणपणीच निवर्तली व त्यांनी पुन्हा संसार मांडिला नाही. त्या काळी मराठ्यांच्या इतिहासाचे ज्ञान मुख्यतः जुन्या बखरींतून व १८२६ सालच्या ग्रँट डफच्या ग्रंथातून होई. पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे वाईस हाती लागली, तेव्हा राजवाड्यांनी १८९८ साली ती ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केली आणि प्रस्तावनेत डफ व बखरकार या दोघांचीही विधाने पत्रांशी ताडून पाहिली. हे काम किती किचकट! जुन्या पत्रांत बहुधा चंद्र व महिना असतो, साल नसते. ते मजकुरावरून बसवावे लागते. लिहिणारा प्रसंगी हजर होता काय, त्याने लिहिले केव्हा, दुसऱ्या कागदाशी ते जुळते काय, हे पाहिल्यावाचून विधान स्वीकारावयाचे नाही, मग ते स्वकीयाचे असो वा परकीयाचे. अशा कागदांसाठी ते गावोगाव हिंडले, हाताने रांधून जेवले. मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते.

बीडनजीकच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापिली. ही प्रत एकनाथांनी १५८४ साली केलेल्या शुद्ध प्रतीहूनही जुनी, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु मूळ पोथी पुढे अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाही. इतरांकडे अस्सल कागद मागणाऱ्याने ती जपून दाखवावयास हवी होती, असे आमचे नम्र मत आहे. अभ्यासकांनीही राजवाड्यांच्या नावाला न दिपता छापील पाठातील भाषेची रूपे तपासली. कोणास दावा पटला, कोणास नाही.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. आपल्या सभासदांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल अजून असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास एकदा दाखवावेत, ही विनंती.