आदरणीय मॅट टॅलबट : पहिला घोट कोणी दिला?



दारू सोडू पाहणारी माणसे जगभर आदरणीय मॅट टॅलबट यांची मध्यस्थी मागतात. त्यांचा पश्चात्ताप सर्वांना ठाऊक आहे. आज आपण त्यांच्या बालपणाकडेही पाहू या.

२ मे १८५६ रोजी डब्लिन शहरातील एका गरीब कुटुंबात मॅटचा जन्म झाला. बारा भावंडांत तो दुसरा. वडील मद्यपी. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मॅट एका दारूच्या व्यापाऱ्याकडे बाटल्या भरण्याच्या कामाला लागला. उरलीसुरली दारू चाखता चाखता वर्षभरातच तो झिंगून घरी येऊ लागला. वडिलांनी त्याला मारले आणि गोदीत आपल्याजवळ कामाला लावले. पण तिथे व्हिस्कीचा साठा होता! पुढे सगळी मजुरी दारूत जाऊ लागली. एका आंधळ्या वादकाचे व्हायोलिनही त्याने व त्याच्या सोबत्यांनी चोरून विकले.

१८८४ साली, अठ्ठावीस वर्षांचा मॅट रिकाम्या खिशाने गुत्त्याबाहेर उभा होता. ज्यांना त्याने कितीदा पाजली होती, ते सोबती तोंड फिरवून निघून गेले. त्याच दिवशी त्याने धर्मगुरूंसमोर तीन महिन्यांची प्रतिज्ञा घेतली. पुढे ती आयुष्यभराची झाली. रोजची मिस्सा, प्रार्थना व कष्ट यांच्या बळावर मॅट एक्केचाळीस वर्षे दारूपासून दूर राहिले. जुनी उधारी त्यांनी फेडली. त्या वादकालाही खूप शोधले. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जाताना रस्त्यातच त्यांना मृत्यू आला. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना आदरणीय घोषित केले.

मॅट जन्मले त्याच वर्षी, डिसेंबरात, फादर थिओबाल्ड मॅथ्यू वारले. १८३८ पासून त्यांनी आयर्लंडमध्ये लाखो लोकांकडून दारूबंदीची प्रतिज्ञा घेतली होती. पण प्रतिज्ञा घेतलेल्यांना धरून ठेवणारे भक्कम संघटन मागे राहिले नाही, आणि ती लाट ओसरली. हा धडा येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी घेतला. १८९८ साली त्यांनी डब्लिनमध्ये पायोनियर संघ स्थापला. त्यात दोन वर्षांची उमेदवारी, छातीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह आणि रोजची प्रार्थना असे. पुढे दृढीकरण संस्काराच्या वेळी मुलांनी सज्ञान होईपर्यंत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घ्यावी, ही प्रथा आयर्लंडमध्ये रुजली. म्हणजे मुलगा पडण्याआधीच सारा धर्मग्राम त्याच्या पाठीशी उभा राहू लागला.

पडलेला मॅट देवकृपेने उठला. पण त्याची सोळा वर्षे वाया गेली, आणि सगळेच मॅट उठत नाहीत. प्रतिज्ञा मुलांची असली, तरी ती सांभाळणे आपणा मोठ्यांच्या हाती आहे. लग्नात, सणात, घरच्या जेवणावळीत बारा वर्षांच्या मुलाच्या हाती गंमत म्हणून ग्लास देणारा हात आपला नसावा, एवढे तरी आपण ठरवू या.