लोकनायक कै. भाऊसाहेब बांदोडकर

गोमंतकाच्या सार्वजनिक जीवनात ९ डिसेंबर १९६३ या दिवसाचे महत्त्व मुक्तिदिनाच्या खालोखाल मानावे लागेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. परंतु पुढील दोन वर्षे कारभार नेमलेल्या अधिकाऱ्यांच्याच हाती होता. आपले सरकार आपण निवडण्याचा हक्क येथील जनतेने प्रौढ मताधिकाराने प्रथम बजावला तो या दिवशी. त्या मतदानातून उदयास आलेले नेतृत्व म्हणजे कै. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे एका सामान्य कुटुंबात झाला. स्वकष्टाने ते खाणव्यवसायात नावारूपास आले. लक्ष्मी प्रसन्न झाली तरी गरिबीचा विसर त्यांना पडला नाही. शाळा, देवालये आणि गरजू माणसे यांच्यासाठी त्यांचा हात सदैव सैल राहिला.

१९६३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. महाराष्ट्रात विलीनीकरण, मराठीचा पुरस्कार आणि कुळांना न्याय, ही त्याची भूमिका होती. देशभर काँग्रेसचा दबदबा असताना गोव्यातील २८ जागांपैकी एकही त्या पक्षाला मिळाली नाही. दमण व दीव धरून ३० जणांच्या विधानसभेत मगो पक्ष व त्याचे सहकारी यांना १६, तर युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. स्वतः भाऊसाहेब निवडणुकीस उभे नव्हते. तरीही २० डिसेंबर १९६३ रोजी ते पहिले मुख्यमंत्री झाले. भाटकारापुढे मान खाली घालून वावरणाऱ्या कुळाला आपल्या मताची किंमत त्या दिवशी उमगली.

१९६४ साली कुळकायदा झाला. खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. परकीय अमदानीत देवळाच्या मंडपात वा खासगी शाळेत कशीबशी तग धरून राहिलेली मराठी आता राजरोस शिकविली जाऊ लागली.

त्यांची खरी कसोटी लागली ती जनमत कौलाच्या वेळी. त्यांचे सरकार सत्तेवर असता कौल निःपक्षपाती होणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. पेडणे, डिचोली, सत्तरी या आपल्या भागाचा ओढा फुलाकडे होता. पण एकंदर गोव्याने ३४,०२१ मतांच्या आधिक्याने दोन पाने निवडली. ज्या ध्येयासाठी पक्ष काढला, तेच लोकांनी नाकारले. साखळीसारख्या गावांतून त्या दिवशी अनेकांची मने खिन्न झाली असतील. भाऊसाहेबांनी मात्र कौल शिरोधार्य मानला आणि ते पुन्हा लोकांपुढे गेले. मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्याच जनतेने सत्ता पुनश्च त्यांच्या हाती दिली. विचार नाकारूनही माणसावरचा विश्वास ढळला नव्हता.

१९७२ च्या निवडणुकीतही ते विजयी झाले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी पुढे मुख्यमंत्रिपदाची धुरा वाहिली. १९८७ साली गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

विलीनीकरणाचे त्यांचे स्वप्न विरले. शाळांचे कार्य मात्र टिकले. त्या शाळांतून ज्यांच्या घरात प्रथमच अक्षर आले, त्यांचीच मुले-नातवंडे पुढे ग्रंथालयांच्या पायऱ्या चढली. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी भाऊसाहेबांचे स्मरण करणे, हे म्हणूनच आपणा वाचकांचे कर्तव्य ठरते.