पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी

आम्हा चिंचवडकरांचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चाले. भरती-ओहोटीशी माझी गाठ पडली ती प्राणिशास्त्राच्या अभ्यास-सहलीत, मालवणला. तिथीवरून ओहोटीची वेळ काढायची, खडकावर दोरी ताणून चौकटीतले प्राणी मोजायचे, उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा आणि बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, हे सारे चार दिवसांत शिकवले. मी शहाणी! बॉलपेनने लिहिले. घरी येईतो स्पिरिटमध्ये शाई विरघळून गेली होती. कुठला प्राणी कुठल्या खडकावरचा, काही कळेना. मी रडवेली झाले. सर रागावले नाहीत. त्यांनी मालवणच्याच एका माणसाची गोष्ट सांगितली.

शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणला जन्मले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथेच शिकवू लागले. सह्याद्रीत हिंडून जीवजाती गोळा करण्याचा त्यांना नाद होता. १९११च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांत त्यांना नाण्याएवढे, काचेसारखे पारदर्शक जेलीफिश आढळले. समुद्रापासून इतक्या दूर, गोड्या पाण्यात! या वंशातले जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे डॉ. अॅनंडेल यांनी त्याचे 'लिम्नोक्निडा इंडिका' असे बारसे केले. आघारकरांनी प्राणिशास्त्राचे पुढचे धडे त्याच म्युझियममध्ये गिरवले. शोधाचे सारे मोल पत्त्यात होते. बाटलीवर नदीचे नाव नसते, तर तो समुद्रातलाच कुणी ठरला असता.

पुढे ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. १९१४ साली शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून स्थानबद्ध झाले. दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. हे गृहस्थ पॅरोलवर सुटताच तिथल्या वनस्पती गोळा करू लागले! १९१९मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. मग कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी दीर्घ काळ काम केले. १९४६ साली, निवृत्तीच्या वयात, पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेची घडी बसवायला घेतली. १९६०मध्ये निधन होईपर्यंत तेच तिचे संचालक होते. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. गंमत म्हणजे ही आघारकर संस्था आगरकर रस्त्यावर आहे. पत्ता विचारणारा हमखास गोंधळतो आणि सांगणाराही.

त्या रविवारी आईची लोणच्याची रिकामी बरणी घेऊन मी पवनेवर गेले, मोरया गोसावींच्या मंदिराखालच्या घाटावर. जेलीफिश कुठला मिळायला! जलपर्णी बाजूला सारून पाणी भरले. एक गोगलगाय आणि डासांच्या अळ्या, एवढीच कमाई. भावाच्या कंपासमधली पेन्सिल घेऊन चिठ्ठी लिहिली : पवना, चिंचवड, डावा काठ, सकाळी साडेसात.

सरांनी ती बरणी ठेवून घेतली.