सावामुराचा उजवा हात

आपल्यापैकी बेसबॉल बघणारे फार थोडे. तरी बेब रूथचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्या बेब रूथला एका शाळकरी पोरानं आउट केलं होतं, त्याची ही गोष्ट.

एइजी सावामुराचा जन्म १९१७ चा, जपानमधल्या उजियामादा गावातला (आताचं इसे शहर). तो पिचर होता. पिचर म्हणजे आपला बॉलरच म्हणा, फक्त तो बॉलचा टप्पा पाडत नाही. १९३४ साली अमेरिकेचे स्टार खेळाडू जपान दौऱ्यावर आले. त्यांच्याविरुद्ध खेळायला १७ वर्षांच्या सावामुराला टीममध्ये घेतलं आणि त्यासाठी त्याने क्योटोची शाळा सोडली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२० नोव्हेंबरला शिझुओकाच्या कुसानागी मैदानावर त्याने गेरिंजर, बेब रूथ, लू गेरिग आणि जिमी फॉक्स या चौघांना ओळीने स्ट्राइक आउट केलं. म्हणजे आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजच्या पोरानं वर्ल्ड कप टीमच्या पहिल्या चौघांच्या दांड्या उडवाव्यात तसं! सातव्या इनिंगमध्ये गेरिगने होमरन मारला आणि जपान १-० ने हरलं. पण हीरो झाला तो सावामुराच.

मग तो प्रोफेशनल झाला. त्याची टीम म्हणजे पुढची टोकियो जायंट्स. १९३६ मध्ये जपानच्या लीगमधला पहिला नो-हिटर (समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही) त्याच्याच नावावर. १९३७ च्या स्प्रिंग सीझनमध्ये २४ मॅच जिंकल्या, फक्त ४ हरल्या.

तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांची सैन्यभरती पुढे ढकलली जायची. सावामुरा शिक्षण सोडून खेळत होता, त्यामुळे १९३८ मध्ये त्याला थेट चीनच्या आघाडीवर पाठवलं. बेसबॉल साधारण १४५ ग्रॅमचा, तर जपानी हातगोळा ४५० ग्रॅमचा. असले हातगोळे फेकून फेकून त्याचा खांदा कायमचा गेला. ज्या हातासाठी अख्खा देश वेडा होता, तोच हात! मला तर हे वाचून झोप लागली नव्हती.

१९४० मध्ये परत आला तेव्हा तो स्पीड उरला नव्हता. पण पठ्ठ्याने हात बाजूने फिरवून टाकायची नवी ॲक्शन शिकली आणि त्याच वर्षी तिसरा नो-हिटर टाकला. १९४१ मध्ये पुन्हा बोलावणं आलं. १९४३ मध्ये परतल्यावर एकही मॅच जिंकता आली नाही, आणि १९४४ मध्ये जायंट्सने त्याला काढून टाकलं. त्याच वर्षी तिसऱ्यांदा भरती. २ डिसेंबर १९४४ ला त्याचं जहाज अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. वय २७.

युद्धानंतर जायंट्सने त्याचा १४ नंबर रिटायर केला. १९४७ पासून सर्वोत्तम पिचरला सावामुरा अवॉर्ड देतात. त्या तोडीचा कोणी वाटला नाही तर कमिटी ते कोणालाच देत नाही. २०१९ मध्ये असंच झालं होतं.