शाळेंतील परिचारिका व लिलियन वॉल्डबाई

शाळकरी मुलांच्या सेवेंत ज्यांनीं नवी वाट घालून दिली, त्या लिलियन वॉल्डबाईंचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें सादर करीत आहों.

बाईंचा जन्म १८६७ सालीं अमेरिकेंत एका ज्यू कुटुंबांत झाला. परिचारिकेचें शिक्षण घेऊन १८९३ सालीं त्या न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत राहावयास गेल्या. तेथें बारा वर्षांचा एक मुलगा डोक्यावरील फोडांमुळें शाळेस मुकला होता. बाईंनीं औषध लावून त्यास बरें केलें, तेव्हां तो जन्मांत प्रथमच शाळेंत गेला.

पुढें १८९७ पासून तेथील शाळांत डॉक्टर मुलांची तपासणी करूं लागले. परंतु खुपऱ्या, खरूज, नायटा झालेलीं मुलें नुसतीं घरीं पाठविलीं जात. त्यांस औषधपाणी मिळत नसे, आणि शाळा सुटतांच तीं सोबत्यांबरोबर रस्त्यांत खेळत. म्हणून १९०२ च्या ऑक्टोबरांत बाईंनीं आपल्या संस्थेंतील लीना रॉजर्स या परिचारिकेस एक महिन्याच्या बोलीनें चार शाळांत धाडिलें. शाळेंतच मलमपट्टी करावी व घरीं जाऊन आईस उपचार शिकवावे, हें तिचें काम. लवकरच शहरानें आणखी परिचारिका नेमिल्या. १९०२ च्या सप्टेंबरांत १०,५६७ वेळां मुलांस घरीं पाठवावें लागलें होतें. पुढील सप्टेंबरांत ही संख्या १,१०१ वर आली.

१९४० सालीं बाई निवर्तल्या. आजारी मूल घरीं पाठविलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें त्यांनीं कधीं मानिलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.