सरदार शाळेचे संस्थापक : श्रीमंत माधवराव महाराज शिंदे

ग्वाल्हेरचे अधिपती श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांचे नाव निघाले की भिंड, शिवपुरी आणि श्योपूर यांना राजधानीशी जोडणारी अरुंदमापी रेल्वे आठवते. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आठवते. १८९७ साली त्यांनी स्थापन केलेल्या सरदार शाळेचे स्मरण त्या मानाने कमी होते. महाराजांच्या दृष्टीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही मात्र या शाळेच्या इतिहासातच अधिक स्पष्टपणे उमटली आहेत.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. १८८६ च्या जून महिन्यात जयाजीराव महाराज निवर्तले, तेव्हा हा राजपुत्र पुरता दहा वर्षांचाही नव्हता. इंग्रजांच्या ताब्यातील ग्वाल्हेरचा किल्ला त्याच वर्षी शिंद्यांकडे परत आला होता. अज्ञान राजाच्या वतीने कारभार मंडळाने राज्य सांभाळले आणि १८९४ मध्ये माधवरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

कारभार हाती घेताच त्यांच्यापुढे एक जुना प्रश्न उभा होता. महादजींच्या काळापासून दरबारात वावरणाऱ्या मराठा सरदार घराण्यांकडे मान आणि जहागिरी होत्या. जहागीर वारशाने मिळते, कारभार मात्र शिकावा लागतो. राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी अजमेरला मेयो कॉलेज आणि इंदूरला डेली कॉलेज निघाले होते. विशीतल्या माधवरावांनी आपल्या सरदारांच्या मुलांसाठी स्वतःच्या राज्यातच शाळा काढली. ही शाळा पुढे किल्ल्यावर नांदू लागली.

महाराजांना ऐषारामी सरदार रुचणे कठीणच होते. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले, तेव्हा त्यांनी रुग्णसेवेसाठी जहाज सुसज्ज करून दिले आणि ते स्वतः तिकडे गेले. धरणे, रस्ते, कचेऱ्या यांची जातीने पाहणी करण्याची त्यांना सवय होती.

तथापि या शाळेचे दार कुळ पाहून उघडत असे, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. याच काळात बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. एका मराठी राजाने शिक्षणाचा पाया खालून घातला, तर दुसऱ्याने या शाळेपुरता तरी कळसाकडून आरंभ केला. ग्वाल्हेर राज्यात इतर शाळाही होत्या. परंतु उत्तम शिक्षण मोजक्या घराण्यांपुरते राखून ठेवण्यात किती गुणी मुले बाहेर राहिली असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुत्र जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. पित्याच्या बालपणाची जणू पुनरावृत्तीच झाली. पुन्हा कारभार मंडळ आले आणि त्याच्याच काळात, १९३३ साली, शाळेचे स्वरूप पालटले. ती सिंदिया स्कूल या नावाने सार्वजनिक निवासी शाळा झाली. कुळाची अट गेली आणि सरदार घराण्याबाहेरच्या मुलांनाही तिची वाट खुली झाली. निवड आणि खर्च यांचे उंबरठे मात्र राहिलेच.

१९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. ज्या सरदारकीसाठी शाळा जन्मली ती कालांतराने इतिहासजमा झाली. शाळा मात्र किल्ल्यावर उभीच राहिली. संस्थापकाने आखलेले कुंपण ओलांडल्यामुळेच त्याचे कार्य टिकले. माधवराव महाराजांचे ऋण मान्य करताना, ते कुंपण काढणाऱ्यांचेही ऋण आपण मान्य केले पाहिजे.